उत्तरासाठी सोडलेली जागा

प्रताप नगरातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनचं एक टेबल आहे. मशीन मी भाचीला देऊन टाकलं. टेबलावर आता माझा सर्व्हर असतो. नाव मोठं असलं तरी वस्तू साधी आहे: एक जुना संगणक, त्यात दोन हार्ड डिस्क आणि सारखा फिरणारा एक बारीक पंखा. तो फायली सांभाळतो आणि कोणी मागितली की देतो. वामनराव, म्हणजे आमचे हे, म्हणतात की या डब्याला आता फक्त दूधभात चारायचा राहिला आहे.

त्या डब्यात माझे दोनशे बारा पाठ आहेत. चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर करमेना, म्हणून माझ्या आवाजात एकेक पाठ रेकॉर्ड करू लागले. दुसरीकडे कुठे ते चढवायचे नव्हते. तिथे एक पाठ संपला की मुलाला भलतंच काहीतरी दाखवतात आणि मूल हातचं जातं. माझ्या सर्व्हरवर एक पान उघडतं, पानावर पाठांची यादी, आणि प्रत्येक पाठासमोर एक हिरवं बटण. ते दाबायचं आणि ऐकायचं.

पाठ घेण्याची माझी एक पद्धत आहे. प्रश्न विचारला की मी दहा सेकंद गप्प राहते. शाळेत असतानाच माझ्या लक्षात आलं होतं की आम्ही शिक्षक लोक प्रश्न विचारतो आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मुलाच्या डोक्यात गणित बसायला वेळ लागतो, आणि त्या वेळात आपण बोलायचं नसतं. म्हणून रेकॉर्ड करतानाही मी मनात दहा आकडे मोजते आणि मगच पुढे बोलते. एका पाठात तीन प्रश्न, तीन रिकाम्या जागा. गावोगावची मुलं त्या जागेत फोनकडे बघत मोठ्याने उत्तर देतात, असं त्यांचे आईबाप मला सांगायचे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी ऐकणारी सात-आठ मुलं होती. त्यांतली नवोदय शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणारी एकटी पिंकी. तिचा बाप नत्थू काटोलकडच्या एका बागेत संत्री तोडायला जातो. हंगामात कधी आमच्या कॉलनीत संत्र्यांची गाडी घेऊन येई, तेव्हा त्यानेच मला मुलीबद्दल सांगितलं होतं. पिंकीला मी पाहिलं नव्हतं. ही परीक्षा पाचवीत एकदाच देता येते, पुन्हा नाही. गावात पाचवीनंतर शाळा नव्हती, आणि पिंकीच्या मोठ्या बहिणीची शाळा तिथेच संपली होती. परीक्षा जानेवारीत होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंटरनेटवाले आले आणि जुनी लाइन काढून नवी टाकून गेले. नवा राउटर, वेग तिप्पट. दुसऱ्या दिवशी नत्थूचा फोन आला.

"मॅडम, कालपासून खुलूनच नाही राहिलं. पिंकी रुसून बसली. म्हणते, मॅडमनं मले काढून टाकलं."

मी त्याला म्हटलं की तिला सांग, मॅडम कोणाला वर्गातून काढत नाहीत. फोन ठेवला आणि वही घेऊन बसले. आधी एक पाठ त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवून पाहिला. त्याच्या फोनमध्ये जागाच नव्हती, तो उतरला नाही. मेमरी कार्ड घालायची खाचही तुटलेली होती. म्हणजे सर्व्हरच दुरुस्त करणं आलं.

मला अशी कामं आवडतात. गणितासारखीच असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, मग दुसरी. घरातल्या वाय-फायवरून पान उघडलं. म्हणजे सर्व्हर ठीक. फोनचं वाय-फाय बंद केलं आणि मोबाइलच्या डेटावरून उघडून पाहिलं. नाही उघडलं. म्हणजे आत सगळं ठीक, अडथळा वाटेत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वैभवी पुण्याला याच कामात आहे. तिला फोन केला. तिने राउटरचं पान उघडायला लावलं, बाहेरून येणाऱ्याला सर्व्हरकडे पाठवण्याची सूचना त्यात भरायला लावली, राउटर बंद-चालू करायला लावला. उपयोग झाला नाही. मग तिने इंटरनेटवरच्या पत्त्याचे दोन क्रमांक वाचायला सांगितले: राउटर स्वतःचा म्हणून जो सांगतो तो, आणि बाहेरच्या जगाला आमच्या घराचा म्हणून जो दिसतो तो. दोन्ही वेगळे निघाले.

"मग बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली. "आधी तुमच्या घराला स्वतःचा क्रमांक होता. आता शंभर घरांना मिळून एकच दिलाय. अपार्टमेंटला एकच फाटक आणि चौकीदाराला कोणाचंच नाव माहीत नाही, असं समजा. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो. बाहेरचा आत येऊ शकत नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. तुम्ही राउटरमध्ये कितीही दारं उघडली तरी."

स्वतःचा क्रमांक परत हवा असेल तर अर्ज करा, महिना लागेल, असं इंटरनेटवाल्यांनी सांगितलं. परीक्षा तोंडावर असताना महिनाभर थांबणं परवडणारं नव्हतं. वैभवी म्हणाली की दुसरा एक उपाय आहे, पण त्याला तिला चार-पाच दिवस लागतील. मी बरं म्हटलं.

त्याच दुपारी, फायली तरी शाबूत आहेत ना हे पाहायला म्हणून मी सत्तेचाळिसावा पाठ लावला. मागच्या खोलीत दोन वाजता खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं. हिवाळ्यात मी तिथे खुर्ची टाकून बसते. पाठात माझा आवाज म्हणाला, एका भाकरीचे आठ सारखे तुकडे केले, तीन खाल्ले, तर किती भाकरी उरली? मग रिकामी जागा आली. मी सवयीने मनात मोजू लागले.

सहाव्या आकड्याला कोणीतरी म्हणालं, "पाच छेद आठ."

लहान मुलीचा आवाज होता. हळू, पण स्पष्ट. मला वाटलं खिडकीखाली शेजारची मुलं आहेत. उठून पाहिलं. अंगणात वाळत घातलेल्या चादरीशिवाय काही नव्हतं. पाठ मागे नेऊन पुन्हा लावला. सहाव्या आकड्याला पुन्हा तेच. कानाला हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा उत्तराच्या आधी घेतलेला श्वासही ऐकू आला.

कपाटात एका वेगळ्या डिस्कवर सगळ्या पाठांची दुसरी प्रत असते. ती काढून तोच पाठ लावला. तिथे ती जागा रिकामी होती. मग संगणकाला दोन्ही फायली ताडून पाहायला सांगितल्या. त्याने कणनकण तपासला आणि दोन्ही अगदी सारख्या आहेत असं सांगितलं. तारीखही दोन वर्षांपूर्वीची, मी रेकॉर्ड केलं त्या दिवसाची.

हे सगळं मी वहीत लिहिलं. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून वामनरावांना बोलावलं. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं, हेडफोन लावला आणि डोळे मिटून ऐकलं.

"पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "कोणाची वं?"

"कोणाची नाही. मी रेकॉर्ड केलं तेव्हा खोलीत एकटी होते."

"मग इथं काय करून राहिली?"

मग चहा ठेवतो म्हणून ते निघून गेले. त्या दिवशी त्यांनी डब्याची थट्टा केली नाही.

पुढच्या दोन दिवसांत मी चाळीसेक पाठ ऐकले. सगळ्यांत ती होती. बेरीज, वजाबाकी, भागाकार, सगळं बरोबर. उत्तर कधी चौथ्या आकड्याला यायचं, कधी नवव्याला. कठीण प्रश्नाला ती मनाशी काहीतरी पुटपुटायची, जसं मुलं बोटं मोजताना करतात. सर्व्हर कोण आलं-गेलं याची यादी ठेवतो. ती यादी काढली. लाइन बदलल्यापासून बाहेरून एकही जण आला नव्हता. यादीत मी एकटी होते.

खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. ऊन अंगावर असायचं, पंख्याचा बारीक आवाज चालू असायचा, आणि इतक्या वर्षांनी माझ्या प्रश्नाला समोरून उत्तर येत होतं.

बावन्नाव्या पाठात ती चुकली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती, असा प्रश्न होता. ती म्हणाली, "दोन छेद पाच." वरचे वर मिळवले, खालचे खाली. पाचवीच्या वर्गात निम्मी मुलं हीच चूक करतात. त्रेपन्नाव्यातही तशीच चुकली आणि चौपन्नाव्यातही. चौपन्नाव्याला उत्तर देताना आवाज बारीक झाला होता. आपलं काहीतरी चुकतंय हे मुलाला कळतं, पण काय ते कळत नाही, तेव्हा होतो तसा.

इथे मी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. चुकलेलं उत्तर ऐकून तसंच सोडून देणं मला जमत नाही. मी माइक काढला आणि दोनशे तेरावा पाठ रेकॉर्ड केला. अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून कधी अर्ध्याहून कमी होईल का, इथून सुरुवात केली. तुकडे सारखे केल्याशिवाय मोजता येत नाहीत, हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. तो पाठ सर्व्हरवर ठेवला.

मग दुपारी जेवण झाल्यावर सर्व्हरची तार राउटरमधून काढली, गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली आणि खोलीला कडी लावून आम्ही दोघं बाजारात गेलो. पाचला परत आलो. तार खणातच होती. बावन्नावा पाठ लावला.

"पाच छेद सहा," ती म्हणाली. आवाज आता बारीक नव्हता.

मी हसले. कोणीही शिक्षक हसला असता.

पाचव्या दिवशी वैभवीचा फोन आला. तिचा उपाय तयार होता. बाहेरचा आत येऊ शकत नाही ना, तर सर्व्हरनेच आतून बाहेर वाट काढायची, पुण्यातल्या एका भाड्याच्या संगणकापर्यंत, आणि ती वाट उघडी धरून ठेवायची. पिंकीचा फोन त्या बाहेरच्या टोकाशी येईल आणि तिथून पाठ घेईल. मला फक्त एक ओळ लिहायची होती.

ओळ लिहून झाली, पण बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. मला वेगळीच काळजी होती. रिकाम्या जागेत आधीच कोणी उत्तर देत असेल तर पिंकी विचार कशाला करेल? ऐकून ऐकून तिला सगळं येतंय असं वाटेल आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ती कोरी बसेल. पण पाठच मिळाले नाहीत तरी ती तशीच बसेल. परीक्षेला महिना उरला होता.

शेवटी मी सर्व्हरवरचे सगळे जुने पाठ पुसले आणि कपाटातल्या डिस्कवरचे स्वच्छ पाठ तिथे ठेवले. दहा-बारा लावून पाहिले. जागा रिकाम्या होत्या. मग खणातली तार परत राउटरला लावली आणि बटण दाबलं.

संध्याकाळी सातला नत्थूचा फोन आला. "खुललं मॅडम," एवढंच म्हणाला. मागे माझाच आवाज ऐकू येत होता, भाकरीचे आठ तुकडे करा म्हणून सांगत.

त्यानंतर घरातला एकही पाठ बोलला नाही. मी रोज दोन-तीन लावून पाहायचे. दहा सेकंद नुसता पंखा ऐकू यायचा. वामनरावांनी एकदा विचारलं, तुझी पोरगी कुठं गेली? मी म्हटलं, पुसली. हे सांगताना मला वाईट वाटलं.

परीक्षेला बारा दिवस असताना मी पिंकीशी पहिल्यांदा बोलले. अपूर्णांक कसे चाललेत ते विचारायला मीच फोन केला होता. तिचा आवाज जरा घोगरा, मोकळा. आधी अपूर्णांकांचं सगळं सांगितलं, मग म्हणाली,

"मॅडम, तुमच्याइथं दुसरी कोन आहे?"

"कोण दुसरी?"

"जे उत्तर सांगते. मी सांगते तवा."

मी विचारलं की तिचं ऐकून तू लिहितेस का. पिंकीला तो प्रश्न आवडला नाही.

"नाही जी. मी आधी पाटीवर लिहून घेते, मंग तिचं ऐकते. कधी कधी तिचंच चुकते. मंग मी तिले सांगते."

"काय सांगतेस?"

"पुन्हा विचार कर म्हणून. मंग ती बरोबर सांगते."

मी तिला शाबास म्हटलं आणि फोन ठेवला. मागच्या खोलीत गेले. ती एक ओळ पुसली की वाट बंद होणार होती. बोट ठेवलंही होतं. पण दुसऱ्याची चूक दुरुस्त करू शकणाऱ्या मुलाला तो धडा आला, हे मी चौतीस वर्षं सांगत आले. पिंकीला अपूर्णांक आले होते. ते तिला मी एकटीने शिकवले नव्हते.

मी ती ओळ तशीच ठेवली.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी पिंकीनेच फोन केला. ऐंशी प्रश्न होते, सगळे सोडवले, पेपर सोपा गेला. फोन आत नेऊ देत नाहीत, तो बाबाजवळ बाहेर होता. हॉलमध्ये फार थंडी होती.

"एकटीनं सोडवलास ना?" मी विचारलं.

"परीक्षेत बोलायचं नसते मॅडम," ती म्हणाली. "आम्ही नाही बोललो."

पिंकी पास झाली. नत्थू पेढे घेऊन आला आणि वामनरावांच्या पाया पडला, त्यांनी काहीच केलं नव्हतं तरी. जुलैत पिंकी शाळेच्या वसतिगृहात राहायला गेली. तिथे मुलांना फोन ठेवू देत नाहीत. माझ्या यादीतून नत्थूचा फोन गेला आणि मी सहावीचे पाठ रेकॉर्ड करायला घेतले. रविवारी बोलायला मिळतं तेव्हा ती बाबाला सांगायची, आणि नत्थू मला. जेवण चांगलं आहे, दोन मैत्रिणी झाल्या, गणितात पहिली आहे. वर्गात एका बाकावर दोघी बसतात. पिंकीच्या शेजारी मात्र कोणी बसत नाही. कोणी सांगितलेलं नाही, पण बसत नाही. पिंकीची काही तक्रार नाही.

दिवाळीत नत्थू तिची गणिताची वही मला दाखवायला घेऊन आला. पिंकी गावीच आईजवळ थांबली होती. मॅडमनं तपासली पाहिजे असा तिचा निरोप होता.

उन्हात खुर्ची टाकून मी वही उघडली. शाळेचा अभ्यास पुढून होता, नीटनेटका. मागच्या पानांवर काही वेगळं होतं. प्रश्न पिंकीच्या अक्षरात. खाली दोन बोटं जागा सोडून उत्तर, दुसऱ्या अक्षरात. बाजूला पिंकीने लाल पेनने बरोबरची खूण केलेली. अशी पानंच्या पानं.

ऋण संख्या चालू होत्या. ऋण सात अधिक तीन. उत्तर ऋण चार, खूण.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. ऋण तीन वजा ऋण पाच. उत्तर लिहिलं होतं ऋण आठ. चूक होतं. पिंकीने खाली लिहिलं होतं, पुन्हा विचार कर, मी थांबते.

मी सवयीने त्या चुकलेल्या आकड्यावर बोट फिरवलं. पेन दाबून लिहिलं की कागदावर खळगा पडतो. ते आठ खोल गेलेलं नव्हतं. बोटाला वर आलेलं लागत होतं, कागदाच्या पलीकडून कोणी दाबून लिहावं तसं.

मी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मी पान परत सरळ केलं, तेव्हा आठ खोडून त्याखाली अधिक दोन लिहिलेलं होतं. उत्तर बरोबर होतं, आणि शाई अजून ओली होती.